मथुरामावशी गुडघे टेकणार नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
स्क्रिप्ट आलं. मी मरते.

मरण्याचं काही नाही. मेलेले उठून चावत सुटतात असल्या मुडद्यांच्या सिरियलीत काम घेतलं तेव्हाच माहीत होतं, आज ना उद्या कोणीतरी चावणार. 'शेवटची चाळ'मध्ये वरच्या मजल्यावरचे सगळे गेले, डॉक्टर तर पहिल्याच भागात गेला. माझी मथुरामावशी तेवढी वरवंटा घेऊन अजून उभी. आता मिडसीझन फिनाले. म्हणजे अर्ध्यावरचा शेवट, मग काही महिने सुट्टी, आणि लोकांनी तोवर जीव टांगणीला ठेवायचा.

पण मरायचं कसं? चाळीचं गेट तुटतं. माझाच मुलगा मन्या मुडदा होऊन समोर येतो. मी वरवंटा टाकायचा, गुडघे टेकायचे, हात जोडून "मला सोड रे बाळा" म्हणत रडायचं. मग तो चावतो. खाली चॅनेलची टीप: रडणं लांबवा.

अरे, जिने अख्ख्या गल्लीतले मुडदे वरवंट्याने ठेचले, ती बाई शेवटी भीक मागेल? डोकं फिरलं. गॅसवरची भाजी करपली ती करपलीच.

५ नोव्हेंबर, बुधवार
निखिलशी बोलले. दिग्दर्शक. पुण्याचा, सज्जन, मला काकू म्हणतो. त्याला म्हटलं, मारायचं तर मार बाबा, पण उभी मार.
"काकू, चॅनेलला इमोशन हवंय."
"मग मी उभी असताना इमोशन दिसत नाही का?"
"बघू."
बघू म्हणजे नाही. एवढी वर्षं या लाइनीत काढली, एवढं मराठी मला येतं.

आमचे हे म्हणाले, "ह्या वयात कित्याक व्हयी ही कटकट? पडद्यावर मेलंस म्हणजे आयुष्य वाढता." मी म्हटलं, तुमचं वाढवा.

७ नोव्हेंबर, शुक्र.
बाजारात कोळीवाड्याची यमुनाबाई. बोंबील देता देता पाच बायकांसमोर ओरडली, "मावशे, वरवंटा कुठं सोडलास?" सगळ्या हसल्या. मग हळूच विचारते, "तुला मारनार नायत ना गो?" काही बोलता येत नाही, गोष्ट फोडणार नाही म्हणून सह्या केल्यात. नुसती हसले. तिला वाटलं मी वाचते. एक बोंबील जास्त टाकला तिने. तो मी यांच्या ताटात वाढला.

आयुष्यभर मी काय केलं, तर हिरोच्या लग्नात अक्षता टाकणारी बाई, दवाखान्यात बाकावर बसलेली बाई. पहिल्यांदा माझ्या बाईला नाव आलं. ते नाव असं मातीत लोळवू द्यायचं नाही.

बाबा आठवले. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि कामगारांच्या नाटकांत कायम खलनायक. प्रत्येक नाटकात मरायचे. पण असे मरायचे की पब्लिक नायकाला विसरून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचं. घरी आल्यावर आई म्हणायची, मेलात का नीट?

११ नोव्हेंबर, मंगळ.
आज शूटिंग झालं. आल्या आल्या लिहिते.

लोअर परळच्या बंद गिरणीत आमच्या चाळीचा सेट आहे. मुडदे सकाळपासून मेकअपला. ही सगळी पोरं लालबाग-परळची, वैशालीने जमवलेली. वैशाली कांबळे वरळीच्या बीडीडी चाळीतली. मुडद्यांची मुकादम म्हणतो आम्ही तिला. कोणी कसं लंगडायचं, कोणी कुठे कोसळायचं, सगळं तीच शिकवते. तिचा एकच नियम, मुडदा बोलत नाही. घशातून घरघर, बस.

पहिला टेक. गेट तुटलं. मी टेकलेच नाही गुडघे. कट. निखिल जवळ आला, "काकू, प्लीज." दुसरा टेक. मन्या समोर, म्हणजे समीर, अर्धा गाल फाटलेला. मागे पन्नासेक मुडदे. मला काय झालं कोण जाणे. वरवंटा तसाच हातात, मान वर केली आणि तोंडातून गाऱ्हाणंच निघालं. कोकणात आमच्या गावी देवळासमोर मानकरी घालतात तसं, मोठ्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी काय मेलेल्यांची फौज आमच्या दारात येवन उभी रवली आसा, तिका इल्या वाटेन परत लाव रे म्हाराजा!"

आणि मुडदे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

नुसते म्हणाले नाहीत. थांबले. हात जोडून उभे राहिले. फाटके गाल, लोंबते डोळे आणि जोडलेले हात. समीरसुद्धा.

निखिल किंचाळला, "कट! मेलेल्यांना बोलायला कोणी सांगितलं?"
समीर बिचारा कुडाळचा. खाली मान घालून म्हणतो, "सर, तोंडातसून गेला. गाऱ्हाणा घातल्यावर गप कसो रवतलंय?"
सगळं युनिट हसून हसून लोळलं. लाइटवाला शिडीवरून पडता पडता वाचला. मीही हसले, पण मनात म्हटलं, आता बोलणी बसणार.

बसली नाहीत. निखिलने मॉनिटरवर पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. मग त्याचं हसणं बंद झालं. त्याने मला हाक मारली आणि दंड दाखवला, काटा आला होता. म्हणाला, "काकू, हे मी लिहू शकलो नसतो." एवढंच. पॅकअप.

१३ नोव्हेंबर, गुरु.
चॅनेलच्या मॅडमनी पाहिलं. नापास. मुडदे बोलले तर सिरियलचं लॉजिकच मोडतं म्हणे. (मेलेली माणसं चालतात, ते लॉजिक.) शनिवारी पॅचवर्क, म्हणजे तेवढा तुकडा पुन्हा शूट. गुडघे, हात, रडणं, चावणं.

मी फोनवर सांगितलं, येणार नाही. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "इंडस्ट्री छोटी असते हो ताई." समजलं. पुढे काम मिळणार नाही असा त्याचा अर्थ. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. फोन ठेवून पाणी प्यायले. मग मोरीत जाऊन त्यांना एक अस्सल शिवी दिली, बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
वैशाली घरी आली. म्हणते, पोरं उद्या कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नाहीत.
मी म्हटलं, वेडी आहेस का, त्यांचं काम जाईल.
"ताई, मी काय देवाबिवाला मानत नाही. ते तुमचं गाऱ्हाणं मला नाय कळत. पण बाईला जबरदस्तीने हात जोडायला लावायचं, ते आमच्याकडे नाय चालत. आणि पोरांना मी सांगितलं नाय. त्यांनीच ठरवलं."
मला रडू आलं. चॅनेलला हवं होतं तेवढं लांबलं नसेल, पण आलं.
हे आतून म्हणाले, "परळात मुडदे पण संप करतत." आम्ही तिघं हसत सुटलो. मग यांनी स्वतःहून चहा टाकला. हे नोंद करण्यासारखं आहे.

१५ नोव्हेंबर, शनि.
मी गेले नाही. पोरंही गेली नाहीत.
उपनगरातल्या स्टुडिओत माझ्या मापाची कोणी बाई आणली, माझं लुगडं नेसवलं आणि पाठमोरी गुडघ्यावर बसवली. मुडदेही दुसरे. रडणं नंतर कोणाच्या तरी आवाजात घालणार. निखिलनेच फोन करून सांगितलं. गिल्टी वाटत होता. म्हणाला, "दोन्ही शेवट चॅनेलला पाठवलेत, काकू. मी तुमच्यासाठी भांडलोय. पण शेवटचा शब्द माझा नाही."
तुझा नाही रे बाबा, हे कळतं मला. पण ती पाठ आपल्या आईची नाही, हे न कळणारा मन्या मी वाढवलेला नाही. असं काहीतरी बोलले. काय बोलले मलाच नीट कळलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळ.
प्रोमो आला. नुसतं गेट तुटताना दाखवतात. यमुनाबाई विचारते, मेलीस काय? म्हटलं, मलाच माहीत नाही. तिला वाटलं थट्टा करते.
नवीन कामाचा फोन नाही. नसू दे.

३० नोव्हेंबर, रविवार
जाहिराती लागल्यात तेवढ्यात लिहिते. गेट तुटलंय, मन्या समोर आलाय, माझा चेहरा मोठा दिसला, आणि लगेच साबण. पुढे कोण दिसणार, मी की ती पाठमोरी, अजून ठाऊक नाही.

चाळीतल्या आमच्या खोलीत मावत नाही इतकी माणसं. गॅलरीत पण उभी आहेत. वैशाली तिच्या मुडद्यांना घेऊन आलीय, धुतलेल्या तोंडाची पोरं ओळखूच येत नाहीत. समीर नखं खातोय. निखिलला फोन लावला, उचलत नाही.

मी सगळ्यांना सांगून टाकलं. ती गुडघ्यावर बसलेली दिसली तर टीव्हीचा आवाज बंद करायचा, आणि मी इथून गाऱ्हाणं घालणार. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं. वैशाली म्हणते, "व्हय म्हाराजा नाय म्हणणार हां मी, पण तुमच्या बाजूला उभी राहीन."

हे खुर्ची सोडून उठलेत. म्हटलं, गुडघे दुखतील, बसा.
"तू घाल गो," म्हणतात. "मी आसय."

रिमोट माझ्या हातात आहे. जाहिराती संपल्या