फोनचा उजवा कोपरा

बिरोबावाडी, ता. दौंड
५ जानेवारी २०२५

चि. प्रतिभास आबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडं समदी खुशाल हाय, तूही सणसवाडीत खुशाल असशील असं धरून चालतो. अक्षर तुझ्या आईचं दिसंल. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, कागदावर मुंग्या पळतात, म्हणून मी सांगतो आन् ती लिहिती. तू शिरूरच्या होस्टेलात गेलीस तवापासून आपलं पंधरवड्याचं पत्र कवा चुकलं न्हाई, ते काय आता चष्म्यापायी चुकवायचं न्हाई. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद पेटीत राहतो.

आन् फोनचंच तर रडगाणं हाय. दिवाळीला तू एवढ्या कौतुकानं दिलेला फोन फुटला. मागची काच कोपऱ्यापासून पार तडकत गेलीय. तीन महिनं न्हाई झालं अजून! तू त्या कंपनीत दिवसभर फोन घासती, आपटती, त्याचाच पगार घेती, आन् बापाला असला पापड देती व्हय गं? माझा जुना बटनाचा फोन मेंढरांच्या पायाखाली गेला, पाण्याच्या टाकीत पडला, तरी घंटी वाजवायचा.

माझ्या व्हॅनकडं बघ. मेंढरं विकून स्टेअरिंग धरलं त्याला बावीस वर्षं झाली. कुरकुंभच्या शाळेत वाडीची अकरा पोरं रोज नेतो आन् आणतो, त्यातला तुझ्या दादाचा शंभू आता माझ्या शेजारी ऐटीत बसतो. गाडीला एक ओरखडा दाखव, मिशी उतरवीन. वस्तू वापरायची अक्कल माणसाला पाहिजे, पण वस्तू बी वस्तूसारखी पाहिजे.

तुझी आई म्हणाली, तिच्याच कंपनीत हेच काम चालतं तर तिलाच धाडा तपासायला. बाई क्वचित शहाणपणाचं बोलती. फोन कुरिअरनं धाडतोय. तुझ्या सायबाच्या टेबलावर ठेव आन् विचार, याला काच म्हणायचं का काय म्हणायचं. पोटाला नीट खात जा. माया हाय ती कागदावर मावत न्हाई.

तुझा आबा

(फोनच्या कव्हरात, पाठीमागं घडी घालून ठेवलेली चिठ्ठी)

पोरी, फोन चांगला तपास. घाई करू नको. यांनी मला बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावलीय, तोंडातनं शब्द काढणार न्हाई म्हणून. मी काढत न्हाई. तू फोन बघ. — आई

सणसवाडी, ता. शिरूर
१० जानेवारी २०२५

ती. आबांना प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

फोन मिळाला. साहेबांच्या टेबलावर ठेवायची हिंमत झाली नाही, पण जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली धरला. खोलीतली मैत्रीण गौतमी म्हणाली, पापडाचं पोस्टमॉर्टम चाललंय का. चिडवून घ्यायची मला सवय आहे, तुमचीच लेक आहे.

आधी तुमच्या तक्रारीचं उत्तर. आमच्याकडं फोनची पाठ तीन तऱ्हेची येते. प्लास्टिकवर पेन्सिलीनंसुद्धा रेघ उठते. आम्ही खरोखर कमी-जास्त कडक पेन्सिली ओढून बघतो. पण ते आपटलं तरी सहसा फुटत नाही, दबून सोसतं. ॲल्युमिनियमला पोचे पडतात. काच सगळ्यांत ताठ. किल्ली घासा, नाणं घासा, तिला फारसं काही होत नाही. एक वाळूच तिला ओरबाडते. पण कोपऱ्यावर पडली की खेळ खलास. ओरखडा न घेणारी वस्तू न फुटणारी असते असं नाही आबा, मलाही नोकरी लागल्यावरच कळलं. तुमचा जुना फोन प्लास्टिकचा होता, ओरखड्यांनी भरलेला होता, म्हणून टिकला.

आता माझी शंका. काचेवरच्या बारीक रेघा मुरमाच्या धुळीच्या आहेत, त्या प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनवर असतात. पण माणसाचा फोन पडतो तो कधी तोंडावर, कधी पाठीवर, कधी कुठल्या कोपऱ्यावर. तुमचा प्रत्येक वेळी खालच्या उजव्या कोपऱ्यावरच पडलाय. कव्हर तिथं फाटलंय आणि खालच्या धातूच्या कडेला एकावर एक आठ-नऊ पोचे आहेत. आमच्या मशीनवर असा पोचा पडायला फोन कानाच्या उंचीवरून सोडावा लागतो. म्हणजे बोलता बोलता हातातून निसटलाय, आणि एकदा नाही.

आणि चार्जरचं भोक. त्याच्या दोन्ही बाजूंना पिनेनं ओरबाडल्याच्या खुणा आहेत. एक्केचाळीस मोजल्या आणि पुढं मोजवेनात. पिन लावताना इतक्या वेळा नेम चुकतो कुणाचा? शंभू फोनशी खेळतो का? की तुमचा हात कापतो? खरं सांगा आबा. मी रविवारी येऊ का?

आईला नमस्कार. शंभूला पापी. रागावलात तरी चालेल, पण कळवा.

तुमची प्रतिभा

बिरोबावाडी
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. प्रतिभास आशीर्वाद. तिळगूळ घे आन् गोड बोल, कारण मागच्या पत्रात तू लई कडू बोललीस.

बापाला मशिनीवर चढवती व्हय? एक्केचाळीस मोजले म्हणं! बावीस वर्षं ज्यानं अकरा-अकरा लेकरं सुखरूप पोचवली त्याचा हात तू भिंगातनं बघणार? फोन शंभूच पाडतो. चार्जरची पिन पण शंभूच खुपसतो. पोरगं सात वर्षांचं हाय, खोड्या करणारच. (हे ते सांगतात म्हणून लिहिते. शंभूला फोनला हात लावू देत न्हाईत. — आई)

गाडी खडखडती, फोन खिशातनं निसटतो. माणूस हाय, निसटणारच. (खिशातनं न्हाई. आन् त्यांना आता हे वाचून बघता येत न्हाई. चष्म्याचं सोंग घेतलंय ना, कसं म्हणतील आण कागद इकडं? मी शपथ मोडत न्हाई, तोंड बंदच हाय. फक्त एवढं लिहिते की तुझ्या बापानं जन्मभर चहा बशीतनं फुर्र करून पिला. दसऱ्यापासनं बशी मांडणीवर पालथी हाय. पेला लागतो, तो बी अर्धाच भरायचा.)

तू रविवारी यायचं काम न्हाई. सुट्टी आन् भाडं कशाला घालवती. आमचं छान चाललंय. सव्वीस जानेवारीला पोरांना झेंड्याला सकाळी लवकर न्यायचंय, मला येळ न्हाई. आन् या विषयावर परत लिहू नको, सांगून ठेवतो. (लिही.)

तिळगुळाची पुडी सोबत हाय. रागात असलो तरी तुझाच,

आबा

सणसवाडी
१८ जानेवारी २०२५

ती. आबा, शि. सा. न.

हे पत्र आईनं मोठ्यानं वाचू नये, तुम्हीच वाचावं. तुमचे डोळे चांगले आहेत हे मला माहीत आहे. दिवाळीत तुम्ही मला ओट्यावरून फाट्यावरच्या एसटीची पाटी वाचून दाखवली होती.

चार दिवस माझं कामात लक्ष नाही. आमचं आपटायचं मशीन फोन उचलतं, सोडतं, खाली लोखंडी पाट आहे. दर वेळी आवाज झाला की मला तुमचं स्टेअरिंग दिसतं. काल मी एका नगाचं माप दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं, सुपरवायझरची बोलणी खाल्ली. गौतमी म्हणाली, घरी जाऊन ये. पण तुम्ही येऊ नको म्हणालात आणि मी आले तर तुम्ही हात कोपरीच्या खिशात घालून बसाल, गोड बोलाल आणि मी परत येईन. मला माहितीय, कारण दिवाळीत मी चार दिवस तिथं होते आणि मला काही दिसलं नाही. मी दिवसभर लोकांच्या फोनवरच्या रेघा वाचते, आणि माझ्या बापाची पालथी बशी मला दिसली नाही. त्याची लाज वाटते.

मला भीती वाटतेय आबा. तुमच्यासाठी वाटते, आणि मागच्या सीटवरच्या दहा पोरांसाठी आणि पुढं बसणाऱ्या शंभूसाठी वाटते. त्या पोरांच्या आयांनी तुमच्या हातावर भरवसा ठेवलाय, फोनवर नाही.

म्हणून एकच मागणं. मला चार ओळी तुमच्या हातानं लिहून पाठवा. काहीही लिहा, शिव्या लिहा. तुमचं अक्षर मला पाठ आहे, होस्टेलात सगळ्या मुली म्हणायच्या की तुझ्या बापाचं अक्षर छापल्यासारखं. तसंच असलं तर मी येऊन सगळ्या वाडीदेखत तुमच्या पायावर डोकं ठेवीन आणि हा विषय जन्मात काढणार नाही. पण पुढच्या शनिवारपर्यंत ते पत्र आलं नाही, तर सव्वीस तारखेच्या आधी मी शाळेच्या बाईंना फोन करीन. तुम्ही मला पुन्हा दारात उभं केलं नाहीत तरी करीन. हे लिहिताना मी रडतेय, पण करीन.

आईला रागावू नका. तिनं तोंडातून शब्द काढलेला नाही.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
प्रतिभा

बिरोबावाडी
२३ जानेवारी २०२५

प्रतिभा,

हे मीच लिहितोय. बघ कसं झालंय. तुझ्या आईनं आखलेला कागद दिला तरी ओळ सुटती. तिनं विचारलं लिहून देऊ का. न्हाई म्हणालो. कालपासनं बसलोय.

उजवा हात दसऱ्याच्या आधीपासनं हालतोय. आधी अंगठा, मग समदा. धरून ठेवला की थांबतो, म्हणून स्टेअरिंग घट्ट धरलं की वाटायचं गेला. दौंडला डॉक्टरला दाखवलं, कंपवात म्हणाला, पुण्याला मोठ्या डॉक्टरकडं जा म्हणाला. गेलो न्हाई. गाडी सुटली तर मी कोण, हे कळंना.

तुला एक खोटं लिहिलं. गाडीला ओरखडा हाय. दिवाळीनंतर, कालव्याच्या वळणावर, बाभळीला घासली. हातभर. पोरं हसली, त्यांना गंमत वाटली. त्याच दिवशी दौंडला नेऊन रंग लावला. कुणाला कळलं न्हाई, तुझ्या आईला कळलं, म्हणून तिला भंडारा उचलायला लावला. डाव्या अंगाला हाय, शंभू बसतो त्या दाराला. त्यानं हात बाहेर काढला नव्हता, एवढंच.

रोज त्या दाराकडं बघतो. रंग जुळलाय पण मला दिसतो.

चावी काल वाडीतल्या ज्ञानू ड्रायव्हरला दिली. शाळेत मी स्वतः जाऊन सांगितलं, तुला फोन करायचं कारण न्हाई. बाई उभ्या राहिल्या, मला खुर्ची दिली. सव्वीस तारखेला ज्ञानूच नेईल पोरांना. शंभू रुसलाय.

तुझ्या आईनं बशी खाली काढली. म्हणाली, सांडलं तर सांडू दे, घर माझं हाय.

रविवारी ये. पुण्याला ने, कुठं न्यायचं तिथं ने.

नवा फोन आणू नको. तोच आण, काच बदलून. वरनं तुझं ते प्लास्टिकचं जाड कव्हर घाल, ओरखडे पडले तर पडू दे. पडणार हाय तो परत.

आबा