लाकडांवरचा सडा

५ डिसें., शुक्र.
सुट्टी असून दमणूक. ईशाच्या खोलीत पुन्हा तो डांबरट वास. खालच्या मजल्यावर घरमालक अबू नासरांची मजलिस, पाहुण्यांची बैठक, आणि तिथल्या लाकडाच्या स्टोव्हचं धुराडं नेमकं पोरीच्या पलंगामागच्या भिंतीतून वर जातं. नितीन गच्चीवर जाऊन बघून आला. धुराडं आतून काळं, चकचकीत, चिकट. क्रिओसोट म्हणे, धुराचं साचलेलं डांबर. ते पेटलं तर आख्खं धुराडं पेटतं. आई म्हणाली, "आमच्या बंबाला नुसती काजळी धरायची." ईशाला हॉलमध्ये झोपवलंय.

१२ डिसें., शुक्र.
नितीनने सकाळभर लांब ब्रशने धुराडं खरवडलं. बादलीभर निघालं. खाली आला तो भुतासारखा. आईने आधी पाणी तापवलं, मग हसली.
संध्याकाळी पुन्हा तिचं परतीच्या तिकिटाचं टुमणं. बाबा गेल्यावर नाशिकच्या त्या रिकाम्या फ्लॅटची कसली ओढ हिला? "इथं मला कामच काय?" सकाळचा सडा तेवढा मनापासून. पाइप घेऊन सगळं अंगण. त्या वेळी चेहरा जरा बरा असतो.

२० डिसें., शनि.
वास परत! नितीन म्हणतो, ओली लाकडं कोंडून जाळली की असं होतं. इथं, या वाळवंटात, ओली लाकडं? तरी आम्ही दोघं अबू नासरांना विचारायला गेलो. त्यांना लागलं. "हमारा लकड़ी दो साल पुराना. एकदम सूखा. खलास." गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, न विचारता उठले, पहिल्यांदाच. घर सोडायला सांगतात की काय...

२१ डिसें., रवि.
ऑफिसला निघताना पाहिलं. आई पाइपने अंगणातला अबू नासरांच्या लाकडांचा ढीग धूत होती.
"केवढी धूळ बसते गं यांच्यावर! मी रोज धुते. खालचे म्हातारबाबा भेटले की छातीवर हात ठेवून मान देतात मला."
तशीच निघाले. गाडीत रडू आलं. एवढं एकच काम तिला सापडलंय आणि नेमकं तेच... सांगितलं तर बॅग भरेल. नाही सांगितलं तर ईशाच्या उशाशी ते धुराडं.

२६ डिसें., शुक्र.
नितीनने अबू नासरांना सगळं सांगितलं. ठसका लागेस्तोवर हसले. मग म्हणाले, "माँजी को मत बोलो. बाहर वाला उसका. हम अंदर वाला जलायेगा." कोठीत कोरडी लाकडं आहेत त्यांच्या. धुराडं पुन्हा खरवडलं. नितीनची पाठ धरली. सुटलो एकदाचे.

४ जाने., रवि.
सुटलो कसले! जेवताना आई: "मजलिस रोज भरते. मग ढिगातलं एक लाकूडही कसं हललं नाही?"
नितीनने भात कालवायला घेतला. ईशा फटकन: "बिकॉज यू मेक देम ऑल वेट, आजी."
आईने ताट सरकवलं. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं? त्यांनासुद्धा? आणि मी आपली रोज येड्यासारखी... मला काय कुक्कुलं बाळ समजता?" मग शांतपणे, "तिकीट बघ माझं."
खूप लागलं. सगळ्यांची मनं सांभाळून कंटाळा आलाय. माझं कोण सांभाळतंय?

९ जाने., शुक्र.
आई बोलत नाही. खाली उतरत नाही. बॅग भरून दाराशी ठेवलीय. अबू नासरांनी दोनदा विचारलं, "माँजी किधर?" मी म्हणाले, तब्येत बरी नाही.

१० जाने., शनि.
जाग आली तर आई अंथरुणात नाही. पाण्याचा आवाजही नाही. तशीच खाली धावले.
अंगण कोरडं. उन्हात माझी जुनी चादर अंथरलेली आणि तिच्यावर लाकडं सुटी सुटी मांडलेली, कुरडया घालाव्यात तशी. आई एकेक उलटत होती. अबू नासर खुर्चीत बसून काठीने दाखवत होते, "माँजी, ये भी."
"अहो, त्याला अजून ऊन लागलं नाही. हात लावू नका." चक्क मराठीत.
मला बघून म्हणाली, "बरेच दिवस लागतील गं. आतपर्यंत भिजलीत." आणि पुढचं लाकूड उलटलं.
तिकिटाचा विषय मी काढला नाही. तिनेही नाही. बॅग अजून दाराशीच आहे.