आईंच्या कादंबरीचा बंद पडलेला आवाज

आदरणीय मेहुणेबुवा,

नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? आमच्याकडे तुमच्या आई, तुमची बहीण आणि मी, तिघंही ठीक. हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते मी केलं, त्यावरचा दिवा मी केला, खुर्ची मी केली (तुम्ही बसलात तेव्हा मोडली ती वेगळी, तिला तुम्ही झोका दिला होता). आणि आईंना हल्ली बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून कादंबरी वाचून दाखवणारा कॉम्प्युटरही मीच जुळवला, कुठल्याही क्लासला न जाता.

तो मुका झाला हे तुमच्या बहिणीने तुम्हाला फोनवर कळवलंच. रविवारपर्यंत तो बोलला नाही तर आईंना तुमच्याकडे नेणार, तिथे तयार यंत्र आणलं आहे, असं तुम्ही म्हणालात. म्हणून नेमकं काय झालं ते सविस्तर कळवतो.

आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून येतो आणि ती सगळी एका मोठ्या संग्रहात असतात. आणायचं-काढायचं काम पॅकेज मॅनेजरचं. मी त्याला कोठीवाला म्हणतो. नोंद नसलेली वस्तू त्याला दिसतच नाही, मग ती त्याच्या नाकावर का ठेवलेली असेना. तर दुपारी आई ऐकत होत्या, नायिकेने दाराच्या कडीला हात लावला होता, आणि मी सहज सगळी पॅकेजं ताजी करायला सांगितली. (कादंबरी चालू असताना हे करू नये असं कुठे लिहिलेलं नाही. मी पाहिलं.) आवाज थांबला. आई म्हणाल्या, "मग? उघडलं का दार?"

दार कसलं उघडतंय! वाचणारं पॅकेज म्हणे, आधी ध्वनीचं नवं पॅकेज आणा. ध्वनीचं म्हणे, माझ्या जागेवर कोणीतरी अनोळखी बसलंय, ते उठेपर्यंत मी येत नाही. मी जोर केला. तेव्हा कोठीवाल्याने अदबीने विचारलं, की तुमचं म्हणणं ऐकायचं तर पडद्यावरच्या खिडक्या, चित्रं, घड्याळ, छपाई एवढं सगळं काढावं लागेल, चालेल का? तुमची बहीण मागून म्हणाली, "नाही म्हणा हो." मेहुणेबुवा, बायको मागे उभी असताना कुठल्या पुरुषाने 'नाही'चं बटण दाबलंय? मी 'हो' दाबलं. पडदा काळा झाला. खिडक्या गेल्या, घड्याळ गेलं, आणि आवाज काही आलाच नाही. उरली नुसती पांढरी अक्षरं, अंधारात कोणी दूरवर दिवे लावत जावं तशी, एकामागून एक.

त्या अक्षरांकडे बघता बघता माझा डोळा लागला. लांबच लांब व्हरांडा दिसला. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर पॅकेजं बसलेली, मांडीवरच्या हातात नोंदीचं टोकन धरून, अगदी शहाण्यासारखी. कोणालाही विचारावं तर ते शेजाऱ्याकडे बोट दाखवणार, आधी हे. ऊन सरकत होतं, कोणाला काही घाई नव्हती, मलाही नव्हती. शेवटच्या बाकावर एकजण बसला होता, हातात टोकन नाही, अंगात माझा जुना स्वेटर. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसला आणि मला जाग आली.

तीन वर्षांपूर्वी संग्रहातली ध्वनीची फाइल मला ढिसाळ वाटली म्हणून मी स्वतः तयार केली होती. (ढिसाळ होतीच.) आणि कोठीवाल्याला न सांगता तिच्या जागी बसवली होती. जागेवर बसलेलं ते अनोळखी म्हणजे तीच. आता माझ्या हातची वस्तू मीच उठवायची! हिंमत गोळा करतो आहे. घाईचं काम नव्हे. तोवर आईंची गैरसोय नको म्हणून त्या काळ्या पडद्यावर कादंबरीची नुसती अक्षरं उघडून मीच त्यांना वाचून दाखवतो. तेव्हा रविवारी तुम्ही प्रवासाची दगदग करू नका, पाठ जपा.

तुमचा
मेहुणा

ता. क. : ती फाइल मी मंगळवारीच उठवली. पॅकेजं रांगेने आत आली, घड्याळसुद्धा आलं, आणि यंत्र थेट दाराच्या कडीपासून बोलायला लागलं. आई तेव्हा अंगणात होत्या. मी ते बंद केलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही फोनवर बोलू नका, एवढीच विनंती. चारशे पानं उरली आहेत. दुपारी चार वाजले की त्या स्वतः खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसतात.

ता. ता. क. : माझ्या वाचनाबद्दल काल त्यांनी मोबदला देऊ केला. अट एकच, नायिकेचा आवाज काढायचा नाही. मी साफ नाकारला. प्रकरणामागे वीस रुपये देत होत्या.