फोटोसाठी मागे नेलेली गाडी

दि. ३ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्या सकाळी ती जुनी वाफेची गाडी धरतोय. चष्म्याचं दुकान आठवडाभर बंद, त्यामुळे गिऱ्हाइकं तेवढे दिवस चाचपडत फिरणार. आजच गाडी सुटते त्या गावात येऊन उतरलो, इथे बाकी बघण्यासारखं काही नाही. गाव संपलं की नुसता उजाड माळ, माणूस ना झाड. इंजिन मात्र झकास आहे. शंभरी उलटली तरी तुझ्यासारखंच फुसफुसतं आणि कुणाचं ऐकत नाही.

आई खुशीत आहे. तिला हल्ली अगदीच कमी ऐकू येतं, पण इंजिनाची शिटी ऐकू आली म्हणून लहान मुलीसारखी हसली. यापुढे तुझ्याकडे राहायचंय, हे तिला अजून सांगितलेलं नाही. हिने तिचे सगळे कपडे भरलेत, पार स्वेटर-शालीसकट. आई काही विचारत नाही, म्हणजे तिच्या लक्षात आलं नसावं. गाडीत खिडकीशी बसून मन रमलं की हळूच सांगेन. माळ ओलांडला की पलीकडून बस आहे, परवा संध्याकाळी तुझ्या दारात हजर होतो. तोंड वाकडं करू नकोस. आम्ही दोघं दिवसभर कामावर, ती घरात एकटी, हे तुलाही पटलंय.

भाओजींना नमस्कार. लोभ आहेच. वाढला तर आनंद, आटला तर भांडायला येईन.

तुझा,
धाकटा

दि. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. शिलाई मशीन पॅसेजमध्ये सरकवलं, लोकांचे शिवायला आलेले कपडे स्वयंपाकघरात टांगले, आईची खाट लावली, आणि तुमचा पत्ताच नाही. फोन उचलत नाहीस. आज आईचं कार्ड आलं. प्रवास छान झाला, पण तुझ्याकडे येणं तूर्त रहित, धाकटा म्हणतो आता कुठे जायचं नाही. बस, एवढंच. भांडलात का? तिला कुठे लागलं का? माझा जीव टांगणीला लागलाय.

मी तोंड वाकडं केलं होतं, खोटं कशाला बोलू? आईला ठेवून घेशील का असं तू विचारलंस, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते म्हणजे, किती महिने. खाट लावताना ते आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. आता काय झालं ते आढेवेढे न घेता लिही.

राग आहे, मायाही आहे. दोन्हींची पोच दे.

तुझी,
ताई

दि. १४ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची हिंमत होत नव्हती, म्हणून लिहितोय.

त्या गाडीची एक पद्धत आहे. भर माळावर एका जागी उतारूंना खाली उतरवतात, गाडी मागे नेतात आणि मग धूर सोडत जोरात पुढे आणतात, म्हणजे फोटो चांगले येतात. तिथे फलाट नाही. आईच्या गुडघ्यांना एवढं खाली उतरणं झेपलं नसतं. मी तिला हातानेच बस म्हणून खुणावलं आणि हिच्यामागोमाग उतरलो. गाडी परत येणार आहे हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, इतरांच्या आधी मोक्याची जागा पकडायची घाई होती. गाडी मागे निघाली तेव्हा खिडकीत आई दिसली. मी हात हलवला आणि फोटोही काढला.

गाडी परत आली, आम्ही चढलो. आई केस नीट करून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी गार्ड. तो आम्हाला बघून उखडलाच. आईने त्याला विचारलं होतं म्हणे, मला कुठे उतरवणार, तिथे राहायची काही सोय आहे का. माझा कोट सीटवर राहिला होता. तो त्याच्या हातात देऊन तिने विनवलं होतं की मुलाचा दम्याचा पंप यात आहे, तेवढा त्याला पोचता करा, धुळीत त्याला त्रास होतो. ती रडली नाही, ओरडली नाही. मुलगा आपल्याला असं सोडून जाऊ शकतो, हे तिला पटलं होतं, ताई. आणि मी तरी दुसरं काय करायला निघालो होतो?

डब्यातल्या लोकांसमोर मान वर झाली नाही. पलीकडे बस उभी होती, तिच्यात चढलोच नाही, परतीच्या गाडीने तिला घरी आणलं. आता ती आमच्याकडेच राहील, विषय संपला. तिच्याशी बोलताना माझी नजर अजून जमिनीवरच असते.

लोभ असावा असं लिहायला तोंड राहिलेलं नाही.

तुझा,
धाकटा

दि. २० ऑक्टोबर

चि. सौ. मोठीस,
अ. उ. आ.

धाकट्याने तुला सगळं लिहिलंय असं सूनबाई म्हणाली. त्याला रागावू नकोस. खरी लाज मला वाटते. पोटच्या पोराबद्दल मनात तसं आलंच कसं? स्वेटर भरलेले पाहिले तेव्हाच मला उमगलं होतं की आपल्याला तुझ्याकडे ठेवणार. कधी सांगतो म्हणून वाट बघत होते, पण त्याची जीभ रेटत नव्हती. गाडी मागे निघाली तेव्हा पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग वाटलं, बरं झालं, बिचाऱ्याला आता सांगावं तरी लागणार नाही. हे त्याच्या कानावर घालू नकोस.

इथे माझी नुसती सरबराई चाललीय. तो भर दुपारी दुकान बंद करून माझ्यापाशी येऊन बसतो. सूनबाई चहा हातात आणून देते, मग आत जाऊन डोळे पुसते. मी हसले तरी दोघं दचकतात. असं शरमेपोटी सांभाळून घेतलेलं माझ्या घशाखाली उतरत नाही गं. मीच जाते म्हटलं तर त्याला वाटेल, आई रागावून निघाली.

म्हणून तू मला बोलावून घे. त्याला लिही की शिवणाची कामं साचलीत, काजं-बटणं करायला आई हवी, तिच्यावाचून अडलंय. अडलं नसलं तरी तसं लिही. मी खरं समजून येईन.

मुलांना पापे. माया असू दे, म्हणजे झालं.

तुझी,
आई