आरामाची सेटिंग आणि शुक्रवारची कॉफी

शनिवार, ५ ऑक्टोबर. सकाळी ७.
झोपेत माझा श्वास थांबतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मशीन काल लावलं. नाकावर मास्क, नळीतून हवा. दवाखान्यातल्या रुलाबाईंनी दाब अकरावर ठेवलाय. वाफ, नळीची ऊब आणि हवा हळूहळू वाढण्याचा वेळ, एवढंच बदला म्हणाल्या. दाबाला हात लावायचा नाही. हे मला सांगतात. अम्मानमधल्या निम्म्या घरांतले एसी मी बसवलेत. हवा हा माझा विषय.

१८ तारखेला हनीनला मागणी घालायला तारिकच्या घरचे वडीलधारे येणार. त्यांच्यातला मोठा मागणी घालून कॉफीचा कप तसाच खाली ठेवेल. मी ‘कॉफी घ्या’ म्हटलं की लग्न ठरलं. थोरले बंधू अबू मुंजिद म्हणाले, उत्तर मी देतो, तू परवा न्हाव्याच्या खुर्चीत झोपलास. स्वच्छ नकार दिला. एकुलती एक मुलगी. ते दोन शब्द माझेच. तोवर मी ताजातवाना होणार.

रविवार, ६.
नाक कोरडं. वाफ शेवटच्या आकड्यावर नेली.

सोमवार, ७.
नळीत पाणी साचून नाकात आलं. हुक्क्यासारखी गुडगुड. बायको म्हणाली, आता तंबाखू तेवढी भरायची राहिली. एसीतून पाणी गळालं की मी गिऱ्हाइकाला हवामानाचं कारण देतो. हेही हवामानच. ऊब वाढवली.

बुधवार, ९.
तोंडावर वाळवंटातलं वारं. ऊब कमी. हवा वाढण्याचा वेळ पंचेचाळीस मिनिटं केला. फारच छान. जोर यायला लागला तसा मास्क काढला.

शुक्रवार, ११. दुपारी ४.
युक्ती सापडली. मशीन बंद करून पुन्हा लावलं की पंचेचाळीस मिनिटं नव्यानं मिळतात. सहा वेळा उठलो. झोप झाली, फक्त तुकड्यातुकड्यांनी.
जेवताना डुलकी लागून बाही मटण-भाताच्या मन्साफवरल्या दह्यात बुडाली. हनीननं पुसली आणि हळूच म्हणाली, बाबा, काकांनाच बोलू द्या ना. मला ते लागलं.

रविवार, १३.
लपवलेला मेनू सापडला. दोन बटणं एकदम दाबायची. दाब अकराचा चार केला. आता जणू बाळ फुंकर घालतंय. रुलाबाईंना एकदा शिकवायला हवं.

मंगळवार, १५.
बायको पाहुण्यांच्या खोलीत झोपायला गेली. म्हणते, आधी नुसतं घोरणं होतं, आता मशीनची साथही आहे.
रुलाबाईंचा फोन. मशीन त्यांना रोज माहिती पाठवतं म्हणे. श्वास तासाला अडतीस वेळा थांबतोय, दाब कुणी बदलला? मी म्हणालो, वीज गेली होती.

शुक्रवार, १८. सकाळी ११.
सूट. तीन कप कॉफी. आरशासमोर उत्तर सोळा वेळा म्हटलं. तयारी उत्तम.

शनिवार, १९.
लोक तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून नीट लिहून ठेवतो.
चाळीस माणसं. तारिककडच्या थोरल्या हाज्ज सुबहींनी बोलायला सुरुवात केली ती तारिकच्या पणजोबांपासून. खोली उबदार होती. गांभीर्य यावं म्हणून मी डोळे मिटले.

पुढचं अबू मुंजिदांकडून कळलं. हाज्जनी मागणी घालून कप खाली ठेवला. मागोमाग बाकीचे कप खाली. मुलीचा बाप बोलत नाही म्हणजे नकारच, असं समजून तारिक पांढराफटक पडला. हाज्ज उठण्यासाठी काठी चाचपू लागले. तेवढ्यात मी घोरलो. बंधू तोंड उघडणार, तोच दार ढकलून हनीन पुरुषांच्या बैठकीत आली.

“हाज्ज, कॉफी घ्या,” ती म्हणाली. “बाबांचं हो आहे. दोन आठवडे पाठ करतायत बिचारे.”

हाज्ज आधी हसले, मग सगळे. आतल्या खोलीत बायकांनी जल्लोष केला, त्यानं मला जाग आली. मी ताठ बसलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “कॉफी घ्या.”

कप रिकामे होते.

आज रुलाबाईंकडे जाऊन आलो. दाब पुन्हा अकरा. ते दोन शब्द हुकले याचं वाईट वाटलं, फार वाटलं.

हनीनचं लग्न ठरलं तेव्हा मी तिथेच होतो, असं सगळे सांगतात.