दोन पंच्यांचे काठ

बाबा,

म्हणजे तू गेला तरी ती लाखनीची इलाजवाली बाई आपल्या घरातून गेली नाहीच! आता मायनंही तिच्याकडे जाणं सुरू केलं. म्हणून लिहायला बसलो. जिवंतपणी तू माझं ऐकत नव्हताच, आता तरी ऐकून घे.

मले सांग, तेल नाही, चोळणं नाही, हाडाचा कट्ट आवाज नाही. माणसाले पालथं झोपवायचं, कमरेवर नुसता हात ठेवायचा अन् डोळे मिटून बसायचं. हा कोणता इलाज? तुले तिच्याकडून घ्यायला आलो तेव्हा दारातून पाहिलं, तू तं चक्क घोरत होता!

"झोपायचे पैसे घेते का हे बाई?" मी म्हणलो.

तू हसला. "मागावर ताणलेले धागे कसे पाहतात रे? दाबून? हात हलकाच फिरवा लागते. ढिला धागा हाताले आपणच सापडते."

तुझं सगळं मागावरच येऊन थांबे. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून एकाच हातानं दोरी ओढली, म्हणून उजवा खांदा खाली गेला, हे मान्य. पण बाईनं तो वर आणला हे कोणी पाहिलं? तूच म्हणत होता. खरंच बरं वाटत होतं का बाबा, का आमच्या समाधानासाठी म्हणत होता? तुझा काय भरवसा! छातीत दुखलं तेही तू "गॅस आहे" म्हणला होता.

शेवटी दम लागे म्हणून तू मायच्या खांद्यावर हात टाकून चालत होता. तुझा हात गेला, पण ती अजून तशीच तिरपी चालते. मागच्या हप्त्यात पाण्याची गुंडी घेऊन पडली. साकोलीच्या डाक्टरनं फोटो काढला, हाड ठीक आहे म्हणला. मंग निघाली बाईकडे.

"तिनं जादू केली का तुमच्यावर?" मी सुरतहून फोनवर ओरडलो.

"जादू येत असती तं तुले आधी घरी आणवला असता," माय म्हणली.

मी पुरावा मागितला. तिनं चिडून दोन पंच्यांचे फोटो धाडले. दोन्ही तुझ्या हातचे. बाईकडे जायच्या आधीचा, त्याचा उजवा काठ आत-बाहेर पळून राहिला. नंतरचा, काठ सरळ!

"मागाची फणी बदलली असंल."

"फणी तुझ्या आजाची आहे. मागही तोच. माणूस सरळ बसला होता."

तोंडानं तू खोटं बोलला असशील बाबा, कापडात नाही. गिऱ्हाईक पाहणार नाही तिथलं बिघडलेलंही तू उसवून पुन्हा विणत होता.

तरी माझी शंका गेली नाही. काठ तुझा होता, चाल मायची आहे. ती कालच म्हणली, "मले बरं वाटून राहिलं." तुझ्यासारखंच!

तुले वचन देतो, या वेळी फोनवरच्या 'बरं'वर राहणार नाही. सुरतची ही तिसरी नोकरी गेली तं गेली, दिवाळीले येईन. मायले अंगणात चालवीन अन् मागं उभा राहून पाहीन. तिरपी दिसली तं बाईच्या दारात जाऊन भांडीन. सरळ दिसली तं गठ्ठे उचलून गेलेला माझा खांदा घेऊन मीही पालथा झोपीन.

तोवर मायले बाईच्या दोनच वेळच्या इलाजाचे पैसे धाडून राहिलो, जास्त नाही. सहाशे रुपये.

तुझा,
गजू