वीतभर पायरी आणि सत्काराचा सूट

प्रति,
मा. बाजार अधिकारी,
बाजार विभाग, नगरपालिका.

विषय: माझ्या शिवणकामाच्या दुकानाचे सील काढणेबाबत, तसेच आपल्या सुटाबाबत.
संदर्भ: आपले तोंडी उत्तर, "जे काय असेल ते लेखी द्या. आवकमधून येऊ द्या."

महोदय,

१. बाजाररस्त्यावर माझे वडिलांपासूनचे दुकान आहे. त्याची पायरी रस्त्यात वीतभर पुढे येते म्हणून आपण गेल्या आठवड्यात दुकानाला सील ठोकले. मशीन आत, गिऱ्हाइकांचे कपडे आत, मी बाहेर.

२. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाने गाड्या लावायला अख्खा पदपथ घेतला आहे. त्या दुकानाच्या उद्घाटनाची फीत आपणच कापली. कात्री माझ्याकडून नेली होती. ती अजून आलेली नाही.

३. (या मुद्द्यात आपल्याविषयी जे लिहिले होते ते पत्नीने खोडायला लावले. मुद्दा रिकामा समजावा, पण समजावा.)

४. शेजारचा चावीवाला म्हणाला, "मास्तर, सांगा फक्त. चहा गार व्हायच्या आत उघडतो." मी नको म्हटले. सरकारी सील आहे. मी कायदा पाळणारा माणूस आहे.

५. छोट्या दुकानांना आधार दिल्याबद्दल उद्या आपला जाहीर सत्कार आहे. त्यासाठीचा काळा सूट माझ्याकडेच शिवायला होता. आज सकाळी आपल्या शिपायाने सील काढून तो पुतळ्यावरून उतरवला व सील पुन्हा लावले. मी पायरीवरूनच म्हणालो, "अहो, त्या सुटाबद्दल जरा ऐका." तो म्हणाला, "साहेबांनी बजावलंय, तुमचं तोंडी काही ऐकायचं नाही."

सबब लेखी.

६. सूट झालेला नाही. अंगावर घालून माप बघण्यापुरता तो टाचलेला आहे. टाचायला सगळे पांढरा दोरा वापरतात, म्हणजे कच्चे काम लगेच दिसते. काळ्या कापडात पांढरे तंतू अडकून राहतात म्हणून आमच्या दुकानात, वडिलांच्या शिस्तीप्रमाणे, काळ्यावर काळाच दोरा. बघणाऱ्याला काम पक्के वाटते.

दोन्ही बाह्या टाचलेल्या. पाठीची मधली शिवण टाचलेली. विजारीची मागची शिवणही.

तरी हार घालून घेताना हात वर करू नयेत. खुर्चीत बसू नये. आभार मानताना वाकू नये.

८. (७ नाही. घाई आहे, आपल्याला, मला नव्हे.) पत्नी म्हणाली, "अहो, साहेबांच्या घरी जाऊन सांगून तरी या." मी म्हटले, "साहेबांना तोंडी चालत नाही." आवकमध्ये दिलेला कागद आपल्या टेबलावर यायला आठवडा लागतो, हेही आपणच मला सांगितले होते. हा अर्ज आवकमध्येच देत आहे. पोच घेणार आहे.

सील काढल्यास पक्की शिलाई करून देईन. उद्या मी पहिल्या रांगेत आहे.

आपला नम्र, आणि आपले माप तोंडपाठ असलेला,
टेलर मास्तर
(मुक्काम: पायरी)

दिनांक: सत्काराचा आदला दिवस

सोबत: सुई, एक. तातडीच्या उपयोगासाठी.